शिंग, कवळी आणि एका दिवसाची रजा

ती. मामांस,

शालोम आणि सादर नमस्कार. गुडघा कसा आहे? नवी कवळी बसली का? (तुमच्या भाच्याने स्वतः घासून दिली आहे, तेव्हा नावं जरा जपून ठेवा.) इकडे सगळे खुशाल, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही.

कारण रजा! तुमचे दात गेले, म्हणून यंदा प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रार्थनागृहात शेवटचं शिंग फुंकायचा मान माझ्याकडे आला. त्यासाठी एका दिवसाची रजा मागितली, तर आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात जणू मी छप्परच उतरवून मागितलं. पॉलिशवाला म्हणे, मागच्या वर्षी याचा सण इतक्या लवकर नव्हता, हा सोयीने तारीख सरकवतो. (मामा, चंद्रावर चालणारी तारीख मी सरकवतो! माझ्याच्याने कामाच्या टेबलावरचा पंखासुद्धा सरकत नाही, त्यावर त्याचा हक्क आहे.) प्लास्टरवाला 'मलाही ज्यू करून घ्या, एक रजा वाढेल' म्हणून मागे लागला होता. त्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो म्हटल्यावर गडी गार पडला, आणि आता मी दिसलो की 'बिचारा' म्हणून उसासे टाकतो. सुपरवायझरबाईंनी तर कहरच केला. "उपासच करायचा ना? मग इथेच कर, तुझी जेवणाची सुट्टीही वाचेल." आणि यांच्या प्रत्येक सणाला कारखान्यात एकटा बसून फोन कोण घेतो? मीच. त्या दिवशी बरा माझा धर्म यांना पक्का आठवतो!

शेवटी माझाही तोल सुटला. सगळ्यांसमोर ठणकावलं, मी शिंग फुंकल्याशिवाय अख्ख्या प्रार्थनागृहाचा उपास सुटत नाही, म्हातारी माणसं तहानलेली ताटकळतात, आहे का माझ्या जागी उभं करायला कुणी? (थोडं वाढवून सांगितलं, पण राग खरा होता.) बाईंनी रजेच्या अर्जावर सही केली. मामा, आपल्या घरचा इतका मोठा दिवस हात पसरून मागावा लागतो, याचं मला फार वाईट वाटलं. पण रजा मिळाली.

तुमचा भाचा

ता. क. बाई, पॉलिशवाला आणि प्लास्टरवाला त्या संध्याकाळी ऐकायला येणार आहेत. एवढं काय फुंकतोस ते बघूच, म्हणाले.

ता. क. दोन. रोज सराव करतोय. शिंगातून नुसती हवा येते. काल पहिल्यांदा आवाज निघाला, तर शेजारीण कुकरची शिट्टी समजून गॅस बंद करायला धावली.

ता. क. तीन. तेव्हा कवळी ताबडतोब पाठवा. तिचे पुढचे दात जरा घासतो, म्हणजे शिंग तुमच्या ओठांवर बसेल. तुम्ही माझ्या मागे, प्रार्थनेच्या शालीआडून फुंका, मी पुढे गाल फुगवून उभा राहीन. एकच अडचण आहे. शिंग वाजलं की माफी मागायची वेळ संपलेली असते. म्हणून मी या लबाडीची माफी सकाळीच मागून ठेवणार आहे. तुमच्या वाटचीही मागू का?