छप्पर अडकलं आहे, ताई

बर्च तळं, आपली नेहमीची जागा,
रविवार (चर्च बुडवून)

ती. आर्डिसताईस धाकट्या मार्लिसचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? ॲरिझोनात उन्हाळा कसा चाललाय हे विचारत नाही, कारण 'इथलं ऊन कोरडं असतं, जाणवत नाही' असं तू म्हणणार आणि मला ते खरं मानावं लागणार. इकडे आम्ही ठीक. ऑरिनची पाठ धरली आहे, पण कुणी विचारलं की तो 'याहून वाईट असू शकलं असतं' एवढंच म्हणतो आणि विषय मिटवतो. (लग्न झाल्यापासून त्याने केलेली ही सर्वांत मोठी तक्रार आहे.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी हवामानाच्या पुढे कधी जात नाही आणि मला आज हवामानाच्या बरंच पुढे जायचं आहे.

ट्रकमागे ओढत न्यायच्या बाबांच्या त्या घडीच्या कॅम्परचा आतून रंगवल्यानंतरचा फोटो मी तुला पाठवला होता. त्यावर तुझं उत्तर आलं, 'वेगळं दिसतंय.' ताई, तू तिकडे राहायला गेलीस, पण मी अजून मिनेसोटातच आहे. आपल्याकडे 'वेगळं' कशाला म्हणतात ते मला पुरतं ठाऊक आहे. नवे पाद्रीबुवा प्रार्थनेला गिटार घेऊन उभे राहिले तेव्हा आई 'वेगळं आहे' म्हणाली होती, आणि बिचाऱ्यांना पुढचा हिवाळा आपल्या गावात काढता आला नाही. तुझं उत्तर वाचून मी फोन टेबलावर पालथा घातला आणि अंगणात जाऊन गवत कापलं. गवत आदल्या दिवशीच कापलेलं होतं.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते. नाताळात तू म्हणाली होतीस की तळ्यावर यायला माझी ना नाही, पण त्या कॅम्परचा वास आता सोसवत नाही. हार्लनभावजी गेल्यापासून तू एकदाही आली नाहीस. मी सरळ हिशोब केला की वास गेला म्हणजे ताई येईल. तेव्हा फोनवर तू थोडी गप्प झाली होतीस. त्या गप्प बसण्याकडे माझं लक्ष गेलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण माझं लक्ष ओव्हनमधल्या हॅमकडे होतं.

बर्फ वितळल्यावर कॅम्पर शेडमधून बाहेर काढला आणि हँडल फिरवून छप्पर वर केलं. आत उंदरांनी संसार थाटला होता. तुझ्या बाजूच्या गादीतला कापूस काढून त्यांनी बिछाने केले होते आणि एकूण ते आपल्यापेक्षा नीटनेटके राहत होते असं ऑरिनचं मत पडलं. इथवर मी एकटीने निस्तरलं असतं, पण ब्रिटा सुट्टीला आली. माझी मुलगी म्हणून कौतुक आहेच, पण ती हल्ली लोक जुने कॅम्पर कसे रंगवतात याचे व्हिडिओ बघते. त्यात सगळे जण सगळं पांढरं करतात आणि शेवटी टेबलावर एक लिंबाची वाटी ठेवतात. 'आई, तपकिरी रंगात माणसाचा जीव गुदमरतो,' असं ती म्हणाली. मी त्या तपकिरी रंगात लहानाची मोठी झाले आणि माझा जीव कधी गुदमरला नव्हता, पण तिने म्हटल्याबरोबर मला श्वास अपुरा वाटू लागला.

मग काय, मी अंगात आल्यासारखी सुटले. गाद्यांची कव्हरं काढली. आईने शिवलेले बदकांचे पडदे चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात दिले. (पुढच्या रविवारी परत मागायला गेले, तर ते ड्वेनने विकत घेतले होते. ड्वेन म्हणजे तळ्यावर आपल्या शेजारच्या जागेवर असतो तोच, बायको गेल्यावर सगळ्यांना सल्ले देत फिरणारा. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला तो जी खोपटी ओढत नेतो, तिला त्याने आपल्या दोघींच्या आईचे पडदे लावलेत. मी तीनदा म्हटलं, 'छान आहेत हो पडदे.' तीनदा तो म्हणाला, 'हो ना, शोभतात.' याहून स्पष्ट मागणं आपल्या घराण्यात कुणी कधी केलेलं नाही, त्यामुळे मी हात टेकले.) बाहेरचा कॅनव्हास साबणाने इतका घासला की जुना वास पार गेला. त्याबरोबर कॅनव्हासचं पाणी अडवायचं औषधही धुऊन गेलं, हे मला नंतर पावसानेच सांगितलं.

रंग लावताना हवा दमट होती. वरून बोट लावलं तर कोरडं लागे, पण आतून ओलच होती. कॅम्पर मिटून तळ्यावर न्यायच्या दिवशी ऑरिन म्हणाला, 'अजून थोडं थांबू या का?' आमच्या घरात याचा अर्थ 'अजिबात मिटू नकोस' असा होतो. मी मात्र तो साधा प्रश्न समजले आणि 'नको' म्हणाले.

तळ्यावर पोचलो, तर छप्पर उघडेना. हँडल फिरवलं की तीन कोपरे वर यायचे आणि चौथा, तुझ्या पलंगाकडचा, रंगाला चिकटून बसलेला. पाच मिनिटांत आसपासच्या सगळ्या जागांवरची माणसं हातात कॉफीचे कप घेऊन गोळा झाली. मदत कुणी देऊ केली नाही, कारण आम्ही मागितली नव्हती, आणि आम्ही मागितली नाही, कारण कुणी देऊ केली नव्हती. ड्वेन तेवढा म्हणाला, 'मी असतो तर रंग वाळू दिला असता.' शेवटी ऑरिनने पाठीची पर्वा न करता एक हिसका दिला आणि छप्पर वर गेलं. जाताना भिंतींचे पांढरे पापुद्रे घेऊन गेलं आणि खालचा बाबांचा तपकिरी रंग जागोजाग उघडा पडला. आता आतून आपला कॅम्पर आपल्या जुन्या गाईसारखा दिसतो. तुला पाठवलेला फोटो त्याआधीचा होता. म्हणजे जे 'वेगळं' होतं, तेही आता राहिलेलं नाही.

ड्वेनने आत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो कोणता एक शब्द म्हणाला ते तुला सांगायला नकोच.

पहिल्या रात्री ऑरिन ट्रकमध्ये झोपला, कशाला हात लागला तर काय चिकटेल याची त्याला धास्ती होती. मी तुझ्या पलंगावर झोपले. ताई, तिथे कसलाच वास नव्हता. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसावं तसं वाटलं. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की तू ज्याला वास म्हणायचीस, तो उंदरांचा नव्हताच. भावजी रोज सकाळी आतच बेकन तळायचे. बाबांनी बजावलं होतं की तळण बाहेर, आणि भावजी दरवर्षी 'हो बाबा' म्हणून आतच तळायचे. ते त्या पडद्यांत, गाद्यांत, छपरात मुरलं होतं. तुला तो वास सोसवत नव्हता हे खरंच होतं. घाण होता म्हणून नव्हे. आणि मी साबण, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन तो एकेका कोपऱ्यातून हुसकून लावला, वर तुला फोटो पाठवून शाबासकीची वाट बघत बसले. मला फार वाईट वाटतंय. हे फोनवर म्हणता आलं नसतं, म्हणून कागदावर म्हणते.

आणि आता छप्पर खाली येत नाही, म्हणजे कॅम्पर मिटून घरीही नेता येत नाही. हँडल जागचं हलत नाही. तळ्यावरच्या जागांचे मालक म्हणाले की उन्हाळा सरेपर्यंत राहू दे, घाई नाही. तुला आठवतं ना, बाबा हँडलला फक्त तुला हात लावू द्यायचे. मला कोपऱ्यात उभं करायचे आणि छप्पर पुरेसं वर गेलं की 'थांब' म्हणायचं काम द्यायचे. तेव्हापासून मला वाटत आलंय की त्या हँडलला तुझ्या हाताची सवय आहे.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जप.

तुझी,
मार्लिस

ता. क. : तुझ्या पलंगाखालच्या छोट्या कपाटाचं दार रंगवायचं राहिलं. राहिलं म्हणजे, ऑरिन दर वेळी ब्रश घेऊन तिथवर जायचा आणि 'इथलं उद्या करू' म्हणून परत यायचा. भावजींचा तवा त्यातच असतो. दार उघडलं की आत अजून तो वास आहे. मी दिवसातून एकदा त्यात डोकं घालून बसते. ते बघून ड्वेनने काल बदकांचे पडदे आणून पायरीवर ठेवले.

ता. क. २ : ऑगस्टात ये. विमानतळावर घ्यायला ऑरिन येईल, त्याला तसंही त्या बाजूला काम आहे. (काही काम नाही.) कपाट उघडायचं की नाही ते तू ठरव. मी आता कशालाही हात लावणार नाही.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालत होते, एवढ्यात ऑरिनने हँडलला थोडं तेल घातलं आणि फिरवलं. छप्पर लोण्यासारखं खाली आलं. मोठ्या खुशीत माझ्याकडे बघत म्हणाला, 'झालं, आता घरी जाऊ या.' मी म्हटलं, 'परत वर कर.' त्याने माझ्याकडे बघितलं, मग पाकिटावरचं तुझं नाव वाचलं, आणि छप्पर वर केलं. हँडल मी ट्रकच्या सीटखाली लपवलंय. तेव्हा छप्पर अडकलं आहे, ताई. तू आलीस की मी कोपऱ्यात उभी राहते, आणि या खेपेला 'थांब' मुळीच म्हणणार नाही.