रिकाम्या खोक्याचा पहारेकरी

ताई,

शाळेत चालले. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

कपाटातलं रिबीन बांधलेलं खोकं रिकामं नव्हतं. दिवाळीसाठी आणून ठेवलेल्या भेटवस्तू घरात आधीच कोण चाचपून बघतं, ते पकडायला माझ्या वर्गातली पोरं छोट्या इलेक्ट्रॉनिक कार्डासाठी प्रोग्रॅम लिहिताहेत. खोकं उचललं की कार्डावरचा आकडा एकाने वाढतो. नमुन्याचं कार्ड घालून ते खोकं मी चार दिवसांपूर्वी माझ्या फाईलवर ठेवलं होतं. आज बघितलं, तर आकडा नऊ.

काल फाईल तिरकी दिसली म्हणून विचारलं, तर तू कानांवर हात ठेवलेस. वर म्हणालीस, उंदीर असेल. बराच शिकलेला उंदीर दिसतोय, फाईल चाळून खोकं परत वर ठेवणारा! मला संशय होताच. परवापासून तू माझ्याशी जरा जास्तच गोड बोलते आहेस.

फाईलमध्ये माझ्या बदलीचा अर्ज आहे, हे आता तुला सांगायला नको. एकदा वाचलास, समजू शकते. पण एकच पान नऊ वेळा?

अर्ज टेबलावर काढून ठेवलाय. अजून दिलेला नाही. 'जाऊ नकोस' म्हणायचं असेल, तर संध्याकाळी तोंडाने म्हण. खोकं उचललेलं मला ऐकू येत नाही.