बॅरोमीटर मांडीवर न्यावा

मी, वेधशाळेची निवृत्त अधिकारी, वय एकोणऐंशी, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धाकट्या भावाने आणून पाहिले, पण तो लहानपणापासून माझ्यापुढे टिकलेला नाही. माझे याआधीचे मृत्युपत्र कोणी पुढे केल्यास ते खोटे समजावे.

कलम १. बँकेतली सगळी शिल्लक वहिनीला द्यावी. तिने ती नवऱ्याला न विचारता उडवावी, ही माझी इच्छा आहे, अट नाही.

कलम २. माझी भिंगे, बारीक पेचकस आणि ओळंबा वेधशाळेच्या कार्यशाळेला द्यावेत. परराष्ट्र खात्याने उद्या संग्रहालय काढले तरी त्यांना यातला एक स्क्रूसुद्धा देऊ नये.

कलम ३. बैठकीच्या खोलीतला पाऱ्याचा बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारी उंच काचेची नळी, माझ्या मालकीचा आहे. वेधशाळेने तो भंगारात काढला तेव्हा मी विकत घेतला. त्याचा जोडीदार आखाताच्या पलीकडे, शेजारच्या देशाच्या वेधशाळेत टांगलेला आहे. वादळे तिकडून इकडे येतात. त्यांचा आकडा पक्का आहे हे ठाऊक असल्याशिवाय आपल्याला बंदरावर धोक्याचा बावटा चढवता येत नाही. म्हणून दरवर्षी मी हा बॅरोमीटर तिकडे नेत असे आणि दोन्ही नळ्या शेजारी टांगून आकडे ताडून पाहिले जात. दोन्ही देशांनी राजदूत माघारी बोलावले त्या वर्षीही मी गेले होते.

भाऊ परराष्ट्र खात्यात. विज्ञान ही मैत्रीची भाषा आहे, असे तो परिषदांमधून सांगायचा आणि टाळ्या घ्यायचा. पुढे पदकही मिळाले. मैत्रीबित्री काही नव्हती. पलीकडचे प्रमुख, ज्यांना मी मास्तर म्हणते, माझ्या प्रत्येक वाचनावर शंका घेत. "बाई, आधी डोळा पाऱ्याच्या पातळीला आणा, मग बोला." मीही त्यांना सोडत नसे. एकमेकांवर भरवसा नव्हता म्हणून तर नळ्या शेजारी टांगायच्या. भांडून झाले की दोघेही एकाच कागदावर सही करत असू आणि वर्षभर त्या सहीवर होड्या समुद्रात जात.

शेवटच्या खेपेला भावाने माझ्याबरोबर एक मदतनीस दिला. "ताई, पेटी उचलायला माणूस नको का?" त्या माणसाला पेटी धरता येत नव्हती, पण वेधशाळेच्या गच्चीवरून त्यांच्या नौदलाच्या गोदीचे फोटो काढता येत होते. तो पकडला गेला. मास्तरांची नोकरी गेली, मला भांडारात बसवले, तुलना बंद पडली. भावाला बढती मिळाली.

पुढच्याच मोसमात पलीकडून आकडा आला, दाब झपाट्याने उतरतो आहे. आमच्या नव्या प्रमुखांनी भावाला विचारले. भाऊ म्हणाला, "त्यांचं काय खरं धरता? मुद्दाम घाबरवत असतील." चोराच्या मनात चांदणे. बावटा चढला नाही, होड्या समुद्रात गेल्या आणि परत आल्या नाहीत. आमच्या वेधशाळेच्या शिपायाचे दोन्ही मुलगे त्यात होते. नंतर भाऊ मला म्हणाला, "निसर्गापुढे कोणाचं काय चालतं, ताई?" हे वाक्य मी त्याला कधीही माफ केलेले नाही आणि या कागदानेही करत नाही.

कलम ४. हे राहते घर भावाला हवे आहे. मी इस्पितळात असताना त्याने टेप घेऊन खोल्या मोजल्या. आयत्या बिळावर नागोबा. घर त्याला मिळेल, पण पुढील अटीवर. माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत त्याने हा बॅरोमीटर स्वतः पलीकडे न्यावा. आता नवी यंत्रे आली आहेत असे तो म्हणेल. यंत्रांनाही कशाशी तरी ताडून पाहावे लागते. आपल्या वेधशाळेचे आताचे प्रमुख तुलना पुन्हा सुरू करायला तयार आहेत, फक्त परवान्याला घाबरतात. भावाच्या शब्दावर परवाना अजूनही मिळतो. पलीकडची वेधशाळा मास्तरांची मुलगी चालवते. तिचा निरोप आहे, आणा, भिंतीवरची जागा रिकामीच ठेवली आहे.

नळी सावकाश कलती करावी, पारा वरच्या टोकाला टेकला की पूर्ण उलटी करावी आणि तशीच मांडीवर धरून न्यावी. सरळ धरल्यास पहिल्या धक्क्याला पारा काच फोडतो. नोकराच्या हाती देऊ नये. मास्तर थकले असले तरी त्या दिवशी तिथे येणारच; ते विचारतील, "या वेळी मदतनीस नाही आणला?" त्यावर भावाने एवढेच म्हणावे, "तो मी पाठवला होता." पुढे भाषण करू नये. तुलनेचा कागद दोन्ही वेधशाळांच्या सह्यांनिशी आला की घराची किल्ली माझ्या वकीलबाईंनी त्याच्या हाती द्यावी. नाक दाबल्याशिवाय त्याचे तोंड उघडत नाही, म्हणून हे.

तो न गेल्यास घर मच्छीमारांच्या संस्थेला जावे. त्यांनी अंगणात जाळी वाळत घालावीत. वरची खोली वहिनीला तहहयात राहील. तिच्या नवऱ्याला नाही.

कलम ५. माझ्या शोकसभेत भावाने बोलू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून सही केली आहे.

स्थळ : माझ्या घराचा व्हरांडा. दिनांक : नऊ मार्च.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार पहिले : माझे डॉक्टर. (सही)

साक्षीदार दुसरे : वेधशाळेचे निवृत्त शिपाई. (सही)

दुरुस्ती. सही करण्याआधी शिपायाने विचारले, "ताईसाहेब, सहा महिने कशाला? मधेच वादळं सुरू झाली तर? नातू आता होडीवर जातो." सबब कलम ४ मधील 'सहा महिन्यांत' हे शब्द रद्द समजून तेथे 'पुढचा वादळी मोसम लागण्याआधी' असे वाचावे. दुरुस्तीखाली आम्हा तिघांच्या सह्या आहेत. शिपायाने आपली सगळ्यात आधी केली.