कॉलेजातला आकाराम

शाहूवाडी, ता. ६ फेब्रुवारी १९१०

चि. आकारामास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. अक्षर तुझ्या दाजींचं हाय, बोल माझे. तू कोल्हापुरात कॉलेजात हायस हे कळल्यापासनं गाव तुला राव म्हणतंय. हंबीररावांनी त्यांची बाळाबाई तुला द्यायचं मनावर घेतलंय. येत्या पुनवेला ते तुझं कॉलेज आणि रंकाळा बघायला येतील. चार इंग्रजी शब्द तयार ठेव. माया हायच, अक्कल तुझी तू बघ.

तुझी आक्का
धोंडुबाई

कोल्हापूर, ता. ११ फेब्रुवारी

ती. आक्कास आकारामचा सा. न. वि. वि. कॉलेजात हाय असं लिहिलं ते खरंच हाय की. घंटा मीच वाजवतो. माझ्याबिगर एक तास सुरू होत न्हाय. पण शिकतो असं कुठं लिहिलतं? वर्षातली ही चौथी नोकरी, एवढी तरी टिकू दे.

इथली मजा विचारू नको. संध्याकाळी विद्वान मंडळी रंकाळ्यावर पुस्तक उघडून बसतात. पान उलटत न्हाय, बग्गी गेली की मान तेवढी उलटते. परवा एकजण पाण्यातल्या चांदण्यावर तासभर कविता म्हणत होता. ऐकायला मी आणि एक म्हैस. तिला आधी कंटाळा आला. मी पण कोट घालून बसतो. कोट परटाकडनं आणतो, कुणाचा ते परीटच जाणे. लोक वाट देतात. एवढं शिक्षण मला पुरतं.

आता तुझे हंबीरराव. मिशीला तूप लावलेलं ते बोकड इथं आलं तर माझी शोभाच व्हायची. त्यांना सांग, शहरात प्लेग हाय, कॉलेज बंद पडलंय. पण बाळाबाई दुसरीकडं देऊ नका म्हणावं. जत्रेत तिनं माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलतं. वर्ष झालं, अजून डोळ्यापुढनं जात न्हाय.

पत्र दाजींकडूनच वाचून घे. रागावलीस तरी माया पातळ करू नको.

तुझा
आकाराम

शाहूवाडी, ता. १८ फेब्रुवारी

चि. आकारामास आशीर्वाद. तुझे दाजी शिरोळला गेलेत, यायला आठवडा लागंल. गावात वाचता येणारे दुसरे एकच, हंबीरराव. त्यांनीच तुझं पत्र ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. बोकडाची ओळ दोनदा वाचली, अक्षर लागंना म्हणून. मी जमीन बघत बसले. हे पत्रही तेच लिहून देतायत, म्हणून माझं म्हणणं काय हाय ते मी सांगत न्हाय.

धोंडुबाई

ता. क. येथून मजकूर आमचा. सोयरीक मोडावी असा आमचा विचार झाला होता. बाळाबाई दाराआडून ऐकत होती, तिला विचारले. म्हणाली, ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच हातात लिहून देतो, असा नवरा सांभाळायला सोपा. सबब पुनवेस येतो. मायलेकींनाही रंकाळा बघायचा आहे. लोभ धरावा किंवा कसे, ते तिथे आल्यावर ठरवू.

हंबीरराव