येरमुन नावाचे दोघे

नोटोडेन,
११ ऑक्टोबर २०१६

प्रिय तारये,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. माझा गुडघा ठीक आहे. डॉक्टरांनी काठी दिली आहे, ती मी दाराआड उभी करून ठेवली आहे. इथे माथ्यावर बर्फ दिसायला लागलं. तुझ्या बायकोला, बोर्गिलला सांग, तिच्या मुरंब्याच्या दोन्ही बरण्या संपल्या आणि दोष सगळा माझा आहे. मोठ्या घरच्या कित्तिलला माझ्याकडून काही सांगू नकोस.

आता मुद्द्याचं.

ऑगस्टमध्ये मी अमेरिकन पाहुण्यांसमोर तमाशा केला, असं तू लिहितोस. केला. मिनेसोटाहून तेवीस माणसं आली होती, सगळ्यांच्या अंगात एकसारखे लाल सदरे, पाठीवर आपलं आडनाव, 'तुनहाइम', छापलेलं. तू त्यांना तुनहाइम शेतावरच्या मालकांच्या मोठ्या घराच्या दगडी पायऱ्यांवर ओळीने उभं केलंस आणि कॅमेरा डोळ्याला लावलास. त्यांच्यातल्या डार्लीनने वाकून पायरीला हात लावला आणि विचारलं, "माझे पणजोबा इथूनच निघाले ना?"

तू म्हणालास, "अगदी इथूनच."

त्या पायरीवर आपल्या घरच्या माणसाने कधी पाय ठेवला असेल तर मागच्या दाराने सरपण आत नेताना, तेही वाट चुकून. तिचा पणजोबा ऊल १८८२ साली अमेरिकेला निघाला तो वरच्या स्वार्तब्रोतेनमधून, कुळाच्या झोपडीतून. तुला हे पक्कं ठाऊक होतं. मग मी तिला वर घेऊन गेले. आता तिथे खाजकुइली, चार कोपऱ्यांचे दगड आणि चुलीचा ढिगारा एवढंच उरलंय. डार्लीन बघतच राहिली.

"इतकंच?"

"इतकंच. कुळाला याहून जास्त मिळत नसे."

तिने पावलं टाकत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. "सात. आणि मुलं किती होती म्हणालात?"

"नऊ."

"मग आम्ही त्या पायऱ्यांवर काय करत होतो?" असं म्हणून ती जी हसत सुटली, ती डोळे पुसेपर्यंत. लाल सदऱ्यातल्या बाईने भर खाजकुइलीत बसकण मारली आणि वर म्हणाली, "झोंबतंय, झोंबू दे." मला ती बाई फार आवडली.

तू लिहितोस, "घराण्याचं नाव दीड हजार वर्षांचं आहे, ते भाषणाला विषय म्हणून मिळालेलं नाही." नाव दीड हजार वर्षांचं आहेच, त्याबद्दल माझं भांडण नाही. नावाच्या शेवटी 'हाइम' असलेली शेतं ख्रिस्त इकडे यायच्या आधीपासूनची, हे मीही वाचलंय. पण आपल्याकडे नाव जमिनीचं असतं, माणसाचं नसतं. जो त्या जमिनीवर राहील त्याला ते चिकटतं, शेत बदललं की नावही बदलतं. कित्तिलच्या पूर्वजांनीच ते शेत १८३६ साली तळ्यापलीकडून येऊन विकत घेतलं. त्याआधी त्यांचं नाव वेगळं होतं. तेव्हा रक्ताबिक्ताच्या गोष्टी मला ऐकवू नकोस. १९२३ साली कायदा आला, प्रत्येकाला एक कायमचं आडनाव घ्यावं लागलं आणि आजोबांनी 'तुनहाइम' लिहिलं. ते वारसाहक्काने लिहिलं नाही. पणजोबा आठवड्याचे चार दिवस त्या शेतावर वेठीला राबत होते. स्वतःचं गवत ते रविवारी कापायचे आणि त्यावरून पाद्रीबुवांच्या शिव्या खायचे. त्या नावावर आपला हक्क मालकांपेक्षा तसूभरही कमी नाही. तो आपण कंबर मोडून मिळवला आहे. मग तो जन्माने मिळाला असं दाखवायची तुला एवढी गरज का पडते?

गरज का पडते ते मला कळतं. परगण्याच्या इतिहासाचा नवा खंड छापायला चाललाय, समितीचा अध्यक्ष तू. त्यात प्रत्येक शेताचं प्रकरण मालकांपासून सुरू होतं, त्यांना क्रमांक, जाड ठसा, फोटो. आणि प्रकरणाच्या शेवटी, तळटिपांसारख्या बारीक अक्षरात, त्या शेताची कुळं. जुन्या खंडाने आपल्या पणजोबांना, येरमुनला, त्या बारीक अक्षरांतून उचलून वर आणलं: 'मालक आसमुन यांचा धाकटा मुलगा, स्वार्तब्रोतेनला वेगळा राहिला.' त्या एका ओळीमुळे तू मोठ्या घरच्या जेवणाला बसतोस, ती ओळ तुझ्या नातीने शाळेत वाचून दाखवली. ती ओळ काढायची म्हटल्यावर तुला वाटतं, मी तुझ्या नातवंडांना पुन्हा कुळाच्या झोपडीत ढकलते आहे.

कुळाच्या झोपडीत काय वाईट होतं? तिथे जंगल जाळून राखेत राई पेरणारी माणसं राहत होती. नव्या खंडात तू 'काळ्या मातीवरून स्वार्तब्रोतेन' असं लिहिलंस. तिथे काळी माती कुठून आणलीस? तिथे खडक आहे. काळी होती ती आपल्या माणसांनी केलेली राख.

तू पुरावा मागितलास. "जुना खंड लिहिणारा ब्योर्गुम मास्तर काटेकोर माणूस होता. तो चुकला म्हणतेस तर कागद दाखव. नाहीतर जुना मजकूर जसाच्या तसा जाईल." सोबत दोन कागद ठेवले आहेत. पहिला १८६५च्या शिरगणतीचा: येरमुन, वय सव्वीस, कूळ, एक गाय, सहा मेंढ्या, आणि जन्म शेजारच्या परगण्यातला. मालकाचा मुलगा शेजारच्या परगण्यात जन्मला नव्हता. त्याचा बाप्तिस्मा इथल्याच चर्चमध्ये झाला, १८३९ साली.

दुसरा कागद आपल्या चर्चच्या दफनवहीचा. फेब्रुवारी १८४३. 'येरमुन, आसमुन तुनहाइम याचा मुलगा, वय चार, घसा सुजून.' मालकाचा येरमुन चार वर्षांचा असताना गेला, तारये. दोन मुलं होती, एका वयाची, एका नावाची. एक मेलं. जुन्या खंडाने मेलेल्या पोराला जिवंत केलं, मोठं केलं आणि आपला पणजोबा म्हणून आपल्या हाती दिलं.

तू आता विचारशील, इतका काटेकोर माणूस बाप्तिस्म्याचं पान बघतो आणि दफनाचं बघत नाही, असं कसं? गेले तीन आठवडे मीही हेच पत्र फाडून पुन्हा लिहिते आहे, ते याच प्रश्नापाशी येऊन.

मास्तरांची नजर अधू झाली होती. गॉथिक वळणाचं ते अक्षर त्यांना दिसत नव्हतं. १९७४च्या उन्हाळ्यात त्यांना कोणीतरी चर्चच्या वह्या वाचून दाखवायला हवं होतं आणि ते अक्षर मला येत होतं. मी बावीस वर्षांची होते, तू पंधराचा. आठ आठवडे मी पाद्रीबुवांच्या ऑफिसात बसून वाचत होते आणि ते लिहून घेत होते. संध्याकाळी सायकलवरून मला कित्तिल न्यायला यायचा. आमचं काय चाललं होतं ते साऱ्या खोऱ्याला माहीत होतं, तुलाही. त्याच्या आईने, मार्गितने, मला एकदाच स्वयंपाकघरात बसवून विचारलं होतं, "तुम्ही वरच्या जागेवरचे ना? तिथली माणसं मेहनती." आणि माझ्यापुढे रोजचा कप ठेवला होता. पाहुण्यांचे कप फळीवरच राहिले.

दफनाची नोंद मी वाचली. मनात. मास्तर पेन्सिल धरून बसले होते. म्हणाले, "पुढे, गुनवोर? त्या पोराचं पुढे काय?"

मी म्हटलं, "पुढे काही नाही, मास्तर." आणि पान उलटलं.

मग मीच म्हटलं, "हाच आमचा येरमुन असणार." त्यांनी विश्वास ठेवला. मार्गितनेही ठेवला, फळीवरचा कप खाली आला. बाबांनी पुस्तक वाचलं, मिटलं आणि म्हणाले, "वाचायला छान आहे." ज्या माणसाने पोरवयात त्याच शेतात बटाटे काढले, त्याला मी काय वाचायला दिलं होतं, ते त्यांना कळलं होतं. त्या चांगल्या कपातली कॉफी मला वर्षभरही गेली नाही. मी इथे नोटोडेनला कारखान्यात निघून आले. कित्तिलला कारण सांगितलं नाही, कारण सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं.

नंतर चाळीस वर्षं मी व्यासपीठावर उभी राहून कुळांबद्दल, वेठीबद्दल बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि बोलणारी बाई खोटी होती. तू मला भाषणबाज म्हणतोस, ते सोड. तुला ज्या खोट्याबद्दल मी ऑगस्टपासून झोडपते आहे ते तुझं नाहीच, माझं आहे. तू फक्त बहिणीवर विश्वास ठेवलास. त्याबद्दल माफी मागते. पण माफी मागते म्हणून माघार घेते, असं समजू नकोस.

मला हवंय ते असं. मालकाचा येरमुन त्याच्या आईबापांच्या पानावर परत जाऊ दे, मृत्यूच्या तारखेसह. त्याच्या चार वर्षांवर आपण बेचाळीस वर्षं राहिलो, आता त्याचं त्याला मिळू दे. आपला येरमुन स्वार्तब्रोतेनच्या मथळ्याखाली, त्याची बायको आसलाउग, नऊ मुलं, गाय आणि मेंढ्यांसह. आणि कुळांची नावं मालकांच्याच आकाराच्या अक्षरात, सगळ्या शेतांची, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. पानं वाढतील म्हणशील. वाढू देत. राबणारी माणसं जास्तच होती. आणि तळटीप: आधीच्या खंडातली चूक गुनवोर तुनहाइम हिने जाणूनबुजून केली. 'गैरसमजातून' हा शब्द वापरलास तर मी छापखान्यात येऊन बसेन.

हे पत्र गिळून टाकावंसं तुला वाटेल, मी तुला लहानपणापासून ओळखते. म्हणून याच्या प्रती समितीच्या उरलेल्या चौघांना आजच टाकल्या आहेत. कित्तिल त्यांतला एक आहे, हे मला माहीत आहे. त्याचं पाकीट मी पहिलं चिकटवलं. डार्लीनलाही लिहिलंय. तिचं उत्तर आलं: सदऱ्यांवरचं नाव बदलायचं नाही, फोटो मात्र पुढच्या वेळी वर काढायचा.

गुरुवारच्या बैठकीला मी येते आहे. प्रश्न विचारा. समोर उभी असेन.

तुझी बहीण, जिने ते पान उलटलं,
गुनवोर