राफाराव मैदान सोडतात

शॉमबर्ग, २ डिसें. १९८४
काल राफाची टीम हरली. राफाचा उजवा गुडघा पुन्हा टम्म. इनडोअर फुटबॉलच्या त्या नकली गवताखाली नुसतं सिमेंट. स्पेनमध्ये चिखलात लोळत डिफेंडर झालेला माणूस, इथे... जाऊ दे. बर्फ बांधून दिला. म्हणाला, "फ्रायडेला खेळतो." नवरा आहे, पेशंट नाही, म्हणून गप्प बसले.

८ डिसें.
नाही खेळला. जिना उतरताना कठडा धरत होता. आईनं पाहिलं. आई आमच्या लग्नाला आली नव्हती. आता नागपूरहून आल्यापासून 'राफाराव'शिवाय चहा घेत नाही.

१६ डिसें.
जेवणानंतर त्यानंच विचारलं. "बायको म्हणून नको, फिजिओ म्हणून सांग." हॉस्पिटलात दिवसभर परक्यांचे गुडघे हातात घेते, तेव्हा जीभ अडखळत नाही. सांगितलं. चालशील, थोडं पळशीलही. मॅच नाही. त्यानं मान डोलावली, भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली. मी मागून पाठीवर डोकं टेकून उभी.

२१ जाने. ८५
दिवसभर टीव्हीसमोर. दाढी नाही, आंघोळ नाही. आई हळूच, "राफारावांना काहीतरी उद्योग बघ गं."

२३ मार्च
इथल्या पार्कमधल्या मुलींच्या टीमला कोच हवाय. कामावरच्या जोनची मुलगी जेनी त्यात आहे. राफा म्हणे, "मला खेळता येतं, शिकवता नाही." "येत होतं," मी म्हटलं. फार लागलं असेल. पण गेला.

१३ एप्रिल
आज प्रॅक्टिस बघायला गेलो. आई कोटावर शाल गुंडाळून. मुली चेंडू दिसला की तुटून पडतात, समोरची आरामात निघून जाते. हा बाजूनं ओरडतो, "थांब! थांब!" मराठीत! माझ्याकडून उचललेलं. मुलींना वाटतं स्पॅनिश. आता त्याही एकमेकींना, "थांब, जेनी, थांब!" आई हसून हसून बेजार.
चेंडूकडे नको, तिच्या कमरेकडे बघ, पाय फसवतात, कंबर नाही. प्रत्येकीला वेगळं सांगत होता. गुडघा दुखत असणारच. चेहरा मात्र, किती महिन्यांनी...

५ मे
जिंकल्या! गाडीत घरापर्यंत गात आला. अगदी बेसूर.

१९ मे
त्याच्या गावच्या क्लबचा फोन. ज्युनियर टीमचा कोच म्हणून बोलावताहेत. मला म्हणाला, "तू म्हणशील तसं." चिडले. "माझ्यावर ढकलू नकोस. तुला जायचंय?" "हो." मग लगेच, "पण मुलींचा सीझन अर्धाच झालाय."
इथलं फिजिओचं लायसन्स मिळवायला मी दोनदा परीक्षा दिली. तिथे पुन्हा नवी भाषा, नव्या परीक्षा. आईचं काय? पण ते 'हो' किती पटकन आलं. त्याचा राग येत नाही, हीच पंचाईत.

२ जून
फोन मी घेतला. क्लबचे सेक्रेटरी. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्येही कळलं, उत्तर आजच हवंय. राफा स्वयंपाकघरात आईशेजारी, हात पिठात. सगळं ऐकू जात होतं त्याला. मी म्हटलं, "तो बाहेर गेलाय. उद्या करा."
उद्या काय सांगणार, देव जाणे.
आत गेले. तो लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत होता. तव्यावर पोळी.
"उलटा आता, राफाराव," आई म्हणाली, "जळतेय."