साबणाचा सोमवार

३ मार्च, सोमवार
साबणाचा दिवस. बहात्तर बायका, बहात्तर वड्या. लिहितावाचता येणारी कैदी म्हणून दवाखान्याच्या खिडकीतली कारकुनी माझ्या गळ्यात. एक अंगठा साबणाच्या वहीत, दुसरा ऑपरेशनच्या संमतीच्या कोऱ्या कागदावर. शाईचं पॅड आठवड्यातून एकदाच उघडायचं, हा जेलरबाईंचा नियम. बायकांना वाटतं, दोन्ही अंगठे साबणाचेच. मजकूर मी भरते, गरज पडेल तसा.

मी नवीन आले तेव्हा सही करायला पेन मागितलं होतं. काय हसल्या होत्या सगळ्या! "रांग अडते गं, अंगठा दे!"

५ मार्च
शिवणकामावरच्या टेलरिणीच्या पोटात गाठ. माझ्या शेजारची चटई तिची. सुटायला सात महिने राहिलेत. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आत आली. नवरा दर भेटीला येतो, जाळीपलीकडून बोटांवर महिने मोजून दाखवतो. बाहेर गेल्यावर मूल – दुसरा विषयच नाही. नावंसुद्धा ठरलीत.

"ताई, गाठच काढणार ना? बाकी काही नाही ना?"

"गाठच गं. किती डोकं खाशील!"

दुपारी डॉक्टरांनी तोंडी सांगितलं – "लिहा, गाठ. आणि डॉक्टरांना योग्य वाटेल ते." असं पहिल्यांदाच लिहिलं. विचारलं नाही.

७ मार्च
तिला नेलं. जेवले. झोपले.

१० मार्च, सोमवार
साबण. तिची वडी मी ठेवून घेतली.

१३ मार्च
टेलरीण परत आली. सिस्टर मला पट्ट्या मोजून देता देता म्हणाली, "पिशवीपण काढली तिची. सुटली बाई कटकटीतून!"

टेलरिणीला कुणी सांगितलेलं नाही. मला विचारते, "पाळी कधी येईल गं ताई?"

म्हटलं, येईल. माझी नाही का दीड वर्ष बंद, अपेंडिक्स काढल्यापासून! डॉक्टर म्हणाले होते, तुरुंगात होतं असं. तिला तेच ऐकवलं. तिला बरं वाटलं.

रडू यायला हवं होतं. नाही आलं. चटईच्या काड्या मोजल्या.

१७ मार्च
साबण झाला. जेलरबाईंनी बोलावलं. गुरुवारी बाहेरची डॉक्टरीण तपासणीला येणार. "विचारलं तर सांगायचं, प्रत्येकीला संमतीचा कागद वाचून दाखवते. तुझ्या सुटकेचा कागद माझ्याच टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. मुलगी बहिणीकडे वाढतेय. मागच्या भेटीत मला 'मावशी' म्हणाली, आणि बहिणीला 'आई'.

२० मार्च
डॉक्टरीण बारीक, चष्मेवाली. मला विचारलं. म्हटलं, "हो, वाचून दाखवते." तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच.

मग ती टेलरिणीच्या चटईशी गेली. "पिशवी काढायचं तुम्हाला मान्य होतं ना?"

"कसली पिशवी?"

डॉक्टरिणीनं कागद तिच्यापुढे धरला. टेलरिणीला वाचता येत नाही, पण नवऱ्याला पत्रं मीच लिहून देते तिची. बोट ठेवून म्हणाली, "हे ताईचं अक्षर आहे."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ मार्च
तिनं चटई दाराशी नेली.

२४ मार्च, सोमवार
साबण. टेलरीण खिडकीशी आली, दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. "नको मला साबण." तिच्या मागची म्हणाली, "मलापण नको." मग तिसरी. एकोणीस वड्या उरल्या. जेलरबाई मला म्हणाल्या, "तूच शिकवलंस ना?"

नाही. मी कुठे काय शिकवलं! मी मूग गिळून बसले होते.

२५ मार्च
डॉक्टरीण परत येणार म्हणे. जेलरबाईंनी जुने कागद वर्षवार लावायला बसवलं. आधीच्या कारकुनिणीचं अक्षर किरटं, वाचताना डोळे दुखले.

दीड वर्षापूर्वीच्या गठ्ठ्यात माझं नाव. 'अपेंडिक्स. आणि डॉक्टरांना योग्य वाटेल ते.'

खाली सही नाही, अंगठा आहे. माझाच. मी आले त्या सोमवारी मीही साबण घेतला होता.